कुजबुजणारी बिली

विशीतल्या मुलांची इंग्रजी पॉप गाणी म्हणजे नुसता गोंगाट, असं बरेच जण म्हणतात. त्यांना मी आग्रहानं सांगेन, अमेरिकन गायिका बिली आयलिश ऐकून बघा. ती ओरडत नाही, जवळजवळ कानात कुजबुजते. २०१९ चा तिचा पहिला अल्बम मोठ्या स्टुडिओत झालाच नाही. लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरी, भाऊ फिनियसच्या झोपायच्या खोलीत दोघांनी तो केला.

त्यातलं 'बॅड गाय' हेडफोन लावूनच ऐका. मागे जी टकटक येते ती सिडनीच्या रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलची आहे, फोनवर टिपलेली! आणि शेवटाकडे गाणं अचानक संथ, जड होतं, जणू दुसरंच सुरू झालंय. हा बदल मला फार आवडतो. २०२० मध्ये ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार तिला एकाच रात्री मिळाले, तेव्हा ती १८ वर्षांची होती.

शब्द नीट ऐकायचे असतील तर 'व्हेन द पार्टीज ओव्हर' लावा. एकावर एक चढवलेले तिचेच आवाज, खाली पियानो. माझ्या भाचीमुळे मला हे गाणं कळलं. रात्री दिवा घालवून ऐकण्यासारखं आहे.