बॅटरीच्या काळ्या भुकटीतला कोबाल्ट: थराचे पोपडे का निघतात?

प्रश्न (टाकीवाला)
जुन्या लिथियम-आयन बॅटऱ्या दळून मिळालेली काळी भुकटी सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवली. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम आधीच काढलंय. एक लिटर द्रावणात २० ग्रॅम कोबाल्ट, थोडं निकेल आणि मँगनीज उरलंय. त्यातला कोबाल्ट वीज देऊन धातू म्हणून काढायचाय. स्टीलचा कॅथोड (ऋण टोक, धातू याच्यावर बसतो), लेप दिलेला टायटॅनियमचा ॲनोड (धन टोक). २ अँपिअर, ३ तास. हाती आला २.९ ग्रॅम काळपट थर, तोही कडेने पोपडे धरून सुटला. ॲनोडवर तपकिरी-काळा लेप बसला. सुरुवातीला पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ होता. तीन आठवडे यातच गेलेत, नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद १ (जुनी प्लेटर)
आधी हिशोब. एक अँपिअर-तासाला कोबाल्ट १.१ ग्रॅम चढायला हवा. तुम्ही ६ अँपिअर-तास दिलेत, म्हणजे ६.६ ग्रॅम. मिळाले २.९, म्हणजे ४४ टक्के. बाकीची वीज बहुतेक हायड्रोजन काढण्यात गेली.

शेवटी पीएच मोजला होता का? माझा अंदाज, तो सव्वाच्या आसपास असणार. ॲनोडवर पाणी फुटून ऑक्सिजन निघतो आणि मागे आम्ल राहतं. कॅथोडवर कोबाल्टचा एक अणू बसला की टाकीत दोन हायड्रोजन आयन वाढतात. २.९ ग्रॅमला हे जवळपास ०.१ मोल झालं, तेही एका लिटरमध्ये. पुढे धातूऐवजी वायूच निघत राहतो, आणि त्याच्या बुडबुड्यांनी व आतल्या ताणाने थर सुटतो. इथे प्रवाह वाढवू नका, बहुतेक जण तेच करतात आणि थर आणखी बिघडतो.

टाकीचे दोन कप्पे करा, मध्ये ऋण आयन जाऊ देणारा पडदा. सल्फेट पलीकडे जातं, आम्ल बहुतांशी ॲनोडच्या कप्प्यातच राहतं. तेच आम्ल पुढची भुकटी विरघळवायला वापरता येतं, मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं ते हेच. द्रावण ५५ ते ६० अंशांवर ठेवा, थोडं बोरिक ॲसिड घाला आणि ढवळत राहा.

ॲनोडवरचा लेप म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. फेकू नका, खरवडून वेगळा ठेवा.

प्रतिसाद २ (निळं द्रावण)
प्लेटरताईंशी सहमत. पण निकेलचा प्रश्न पडद्याने सुटणार नाही. कोबाल्टचं प्रमाण विभव (द्रावणातून धातू बसायला लागणाऱ्या व्होल्टेजचा ठरलेला आकडा) उणे ०.२८ व्होल्ट, निकेलचं उणे ०.२६. एवढ्याशा फरकावर व्होल्टेज जुळवून दोघांना वेगळं करता येत नाही. उलट सोबत बसताना कोबाल्टच जास्त वेगाने बसतो, त्यामुळे या विभवांच्या आकड्यांवर विसंबू नका.

एक वाट क्लोराइडची आहे. घट्ट क्लोराइड द्रावणात कोबाल्ट चार क्लोराइड धरून ऋणभारित होतो आणि द्रावण गडद निळं दिसतं. निकेल मात्र धनभारितच राहतं. भारच उलटा झाला की वेगळं करायला जागा मिळते. पण मग ॲनोडवर क्लोरीन निघतो. वायू ओढून घेण्याची पक्की सोय असल्याशिवाय हे करू नका, अगदी एकदासुद्धा.

टाकीवाला
पहिल्या खेपेच्या उरलेल्या द्रावणाचा पीएच आता मोजला: १.२. पडदा लावून पुन्हा तेवढीच वीज दिली. पीएच ३.५ च्या आसपास राहिला, मधूनमधून थेंबभर आम्ल घालावं लागलं. ५.४ ग्रॅम आले, राखाडी आणि घट्ट. ब्लेडनेही सुटेना! उरलेल्या द्रावणातलं लिथियम याच टाकीत काढता येईल का?

जुनी प्लेटर
८२ टक्के! फार आनंद झाला. लिथियम मात्र नाही. त्याचं विभव उणे ३.०४ व्होल्ट, पाण्यात त्याच्या कितीतरी आधी हायड्रोजनच निघतो. उरलेले धातू काढून टाका, द्रावण आटवा आणि गरम असतानाच सोडियम कार्बोनेट घाला. लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून गाळणंही गरम असतानाच करा.