मदत हवी आहे: घरी बांधलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण आणि (मुख्य म्हणजे) पहिलं लँडिंग

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो. सात वर्षं गॅरेजमध्ये व्हॅन्स कंपनीच्या किटचं आरव्ही-९ए विमान बांधलं. दोन सीट, लायकमिंगचं १६० हॉर्सपॉवरचं इंजिन. रिव्हेट ठोकून ठोकून शेजाऱ्यांच्या शिव्याही खाऊन झाल्या. गेल्या महिन्यात एफएएच्या (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) तपासणीत पास झालो. इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित नसल्यामुळे पहिले ४० तास ठरलेल्या हद्दीतच चाचणी उड्डाणं, आणि प्रवासी न्यायचा नाही. (बायको म्हणाली, "बसतंय कोण!")

अडचण माझीच आहे. शिकलो सेसना १७२ वर, आणि बांधण्याच्या नादात तीन वर्षांत जेमतेम वीसेक तास उडवलं. म्हणून परवा एका प्रशिक्षकाबरोबर त्यांच्या आरव्ही-९एमध्ये दोन तास काढले. हवेत असेपर्यंत स्वर्ग, स्टिक (विमान वळवायची, नाक वर-खाली करायची दांडी) दोन बोटांनी धरली तरी पुरते. उतरताना फजिती. सेसनाच्या हिशोबाने ७० नॉट घेऊन धावपट्टीवर आलो तर विमान खाली बसेचना. हातभर उंचीवर तरंगत अर्धी धावपट्टी गेली. वैतागून स्टिक किंचित पुढे केली, पुढचं चाक आधी टेकलं आणि बेडकासारखी उडी! प्रशिक्षकांनी फुल थ्रॉटल देऊन परत वर नेलं. त्या पुढच्या चाकाचा दांडा दुमडला तर विमान उलटतं, हे ते इतक्या शांतपणे बोलले की मला रात्रभर झोप नाही.

तर प्रश्न दोन:

१. वेग कमी ठेवायचा हे कळलं. पण माझ्या विमानाचा वेगमापक खरा बोलतोय हे कुणी सांगितलं? पिटो नळी (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग दाखवणारी) मीच बसवलीय. तो पाच-सात नॉट चुकत असेल तर पहिल्या लँडिंगला कोणता आकडा धरू?

२. पहिल्या दिवशी पाच-सहा टच अँड गो (चाकं टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण) करून हात बसवून घ्यावा का?

"दुसऱ्याला उडवायला दे" हा सल्ला घरातून रोज मिळतोय, तो इथे नको.

प्रतिसाद, पोपटपंखी:
आधी दुसऱ्या प्रश्नाचं: अजिबात नको! नव्या इंजिनाच्या पिस्टन रिंगा सिलिंडरला नीट बसायला सुरुवातीचे तास भरपूर पॉवर लागते. सारखा थ्रॉटल मागे ओढत चकरा मारल्यात तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल पीत राहतं. हात बसवायचा तो प्रशिक्षकांच्या विमानात. लागोपाठ दहा लँडिंग बिनउडीची झाल्याशिवाय स्वतःच्या विमानाला हात लावू नका.

आता वेगमापक. एअरपोर्टच्या डोक्यावर ३००० फूट उंचीवर राहा. इंजिनाचं तापमान आणि तेलाचा दाब ठीक असेल तर उतरण्यापूर्वी लँडिंगचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टाकून वेग हळूहळू कमी करा. स्टॉलची (वेग फार कमी झाल्याने पंखांची उचल सुटते त्याची) पहिली थरथर जाणवली की काटा कुठे आहे ते मांडीवरच्या कागदावर लिहा आणि सावरा. त्याला १.३ ने गुणा. ४४ दाखवला तर उतरतानाचा वेग ५७. तो आकडा खरा असो वा खोटा, तुमच्या काट्यावर तोच धरायचा. स्टॉलजवळ नाक वर असताना पिटोची चूक जरा वेगळी असू शकते, म्हणून पहिल्यांदा वर तीन-चार नॉट घ्या. मात्र तेवढेच! भीतीपोटी दहा घेतलेत की पुन्हा बेडूक.

धागाकर्ता:
धन्यवाद! म्हणजे काटा खोटा असला तरी हरकत नाही, दोन्ही वेळा सारखाच खोटा बोलला म्हणजे झालं. हे डोक्यातच आलं नव्हतं. पण टेकताना नाक किती वर हवं? सेसनात काउलिंग (इंजिनावरचं झाकण) दिसतं तसं इथे दिसत नाही.

प्रतिसाद, शेपूटचाक:
एक बिनपैशाचा उपाय. इंजिन बंद, विमान हँगरबाहेर मोकळ्यावर. तुम्ही कॉकपिटमध्ये बसा आणि दोघांना सांभाळून शेपूट खाली दाबायला सांगा, पुढचं चाक वीतभर उचललं जाईल इतकं. आता काउलिंगची कड क्षितिजाला कुठे लागते ते बघत दहा मिनिटं नुसते बसा. मुख्य चाकं टेकताना तेच चित्र दिसायला हवं, आणि टेकल्यावरही स्टिक पोटाशी. शेपूट नेमकी कुठे दाबायची ते आधी प्रशिक्षकांना विचारा, पत्रा चेपला तर सात वर्षं आठ होतील.

धागाकर्ता:
शेपूट धरायला बायको तयार झालीय. शनिवारी बसतो.