जुनी गोळी लागू पडत असताना नव्या अँटीडिप्रेसंटवर खर्च करावा का?

कोथरूडची लेक
माझे वडील ७१ वर्षांचे असून नैराश्यासाठी बारा वर्षे अ‍ॅमिट्रिप्टिलीन घेत आहेत. मन स्थिर आहे. मात्र तोंड इतके कोरडे पडते की उशाशी तांब्याभांडे लागतेच, आणि रात्री लघवीला उठले की भिंत धरूनच चालतात. नव्या डॉक्टरांनी व्हॉर्टिऑक्सेटिन सुचवले आहे. पेन्शनमध्ये तो खर्च जड जाईल. नवी गोळी अधिक गुणकारी असते का?

टिळक रस्ता
तसे म्हणता येत नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरील २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात परिणामकारकतेच्या क्रमवारीत १९६१ पासून वापरातले हेच अ‍ॅमिट्रिप्टिलीन सर्वांत वर होते. जास्तीचे पैसे आपण मुख्यतः त्रास कमी व्हावा म्हणून मोजतो. वडिलांना गुण आहेच, तर बदलायचे कशाला?

निवृत्त डॉक्टर, पर्वती
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे, कारण त्या चाचण्या बहुतांशी आठ आठवड्यांच्या होत्या आणि इथे प्रश्न बारा वर्षे गोळी घेणाऱ्या वृद्धाचा आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गटातील औषधांनी बद्धकोष्ठता होते, लघवी अडते, उभे राहताना रक्तदाब घसरतो, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेतते. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर गोळीच्या किमतीचा हिशेब फारच किरकोळ ठरतो.

नवी औषधेही निर्धोक नाहीत: वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम उतरू शकते, आणि अ‍ॅस्पिरिन सोबत असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय ‘नवी’ म्हणजे महागच, असेही नाही. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम जेनेरिकमध्ये बरेच स्वस्त पडते, तेव्हा त्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. जुनी गोळी मात्र परस्पर बंद करू नये. ती त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

तोवर रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

कोथरूडची लेक
आज पहाटे मोजला. आडवे असताना १३४, उभे राहिल्यावर ११०. ते अ‍ॅस्पिरिनही घेतात, हे लिहायचे राहिले होते. दोन्ही गोष्टी वहीत टिपून घेतल्या आहेत. दवाखाना उघडताच फोन करते.