जुन्या बोटीचा डेक आणि सिलिकोनची नळी

रंकाळाकाठ:
परवा आपल्यापैकी एका सदस्याने लिहिले की, डेकवरची क्लीट (दोर बांधायची खुंटी) किंवा स्टँचन (कठड्याचा उभा खांब) पुन्हा बसवताना फार डोके लावू नये. न्हाणीघरात वापरतात तीच सिलिकोनची नळी पिळावी, बोल्ट करकचून आवळावा आणि मोकळे व्हावे. दोन दिवस मी गप्प बसलो, परंतु त्याखाली वाहवा सुरू झालेली पाहिल्यावर सविस्तर लिहिणे भाग पडले.

आम्ही चार कोल्हापूरकरांनी मिळून घेतलेली २४ फुटी फायबरची बोट १९८४ सालची असून ती रत्नागिरीजवळच्या एका खाडीत असते, आणि पावसाळ्यानंतर आंबा घाट उतरताना दरवर्षी एकच विचार मनात घोळत असतो, की या खेपेला पाणी कुठून शिरले असेल. आधीच्या मालकाने प्रत्येक फिटिंगखाली सिलिकोनच भरले होते. गेल्या मे महिन्यात डावीकडची क्लीट उचलली, तेव्हा ते सायीसारखे सोलून निघाले, आणि भोकात स्क्रूड्रायव्हर घातला तर फायबरच्या दोन थरांमधल्या बाल्सा या हलक्या लाकडाचा, चहात बुडवलेल्या बटरासारखा लगदा बाहेर आला. सिलिकोन गळते याहून मोठी तक्रार अशी, की ते मागे न दिसणारा थर ठेवून जाते. कितीही घासा, थिनरने पुसा, त्या जागी ना रंग नीट धरत ना दुसरे सीलंट.

म्हणून क्लीट, विंच अशा डेकवरच्या फिटिंगना मी ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट मऊ रबराची पट्टी, लावतो. ती कडक होत नाही, आणि उद्या फिटिंग उचलावे लागले तर भांडण न करता सुटते. पाण्याच्या रेषेखाली किंवा डिझेल भरण्याच्या तोंडाशी मात्र ती चालत नाही.

उद्यमनगरी:
तो सदस्य मीच. नाव घेतले असते तरी चालले असते. ३० वर्षे लेथवर काढलेल्या माणसाला गॅस्केट शिकवू नये. पंपाच्या फ्लँजला (जोडाच्या सपाट कडेला) मी सिलिकोनच लावतो: आधी हलकेच आवळायचे, कडेने मणी फुटले की थांबायचे, रात्रभर वाळू द्यायचे, आणि सकाळी उरलेला अर्धा फेरा द्यायचा, म्हणजे मध्ये रबराची चकती तयार होऊन ती दाबाखाली राहते. आपल्या त्या मालकाने एका दमात आवळून सगळा माल बाहेर काढला असणार. हा दोष हाताचा आहे, नळीचा नव्हे.

रंकाळाकाठ:
पंपाची फ्लँज यंत्रावर तासलेली असते आणि तिच्यावर कोणी नाचत नाही. फायबरचा डेक पायाखाली लवतो. शिवाय दुसऱ्या दिवशी बोल्ट फिरवला, की त्याच्या अंगाला चिकटलेले सीलंट तुटते आणि पाण्याला नेमकी तीच वाट मिळते. हे आपल्या लेथवर दिसत नसेल.

उद्यमनगरी:
बोल्ट फिरवायला सांगितले कोणी? वरून डोके पक्के धरायचे आणि खालून नट फिरवायचा, हे आमच्याकडे नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळते. तुम्हा लोकांना वाचून सगळे येते, फक्त पाना धरता येत नाही.

सुकाणू:
आपण दोघे अर्ध्या फेऱ्यावरून भांडत आहात आणि मूळ प्रश्न बाजूलाच पडला आहे. दोन वर्षांपूर्वी दाभोळजवळ माझा हात ज्या स्टँचनवर होता, तो पायथ्यातून हलला आणि मी कमरेपर्यंत बाहेर लोंबकळलो. तेव्हापासून माझ्या बोटीवर थ्रीएम ५२०० या कायमच्या चिकटणाऱ्या सीलंटशिवाय काही लागत नाही. पूर्ण वाळायला आठवडा लागतो, तो लागू दे. जीव टेपेच्या भरवशावर टाकायचा नसतो.

रंकाळाकाठ:
आपण वाचलात याचा आनंद आहे, परंतु स्टँचन धरून ठेवण्याचे काम सीलंटचे नसते. ते बोल्टचे आणि डेकखालच्या जाड पट्टीचे असते. तिथे नुसते वायसर असतील, तर कोणत्याही नळीने आपला जीव वाचणार नाही. आणि ५२०० ने बसवलेला पायथा आम्ही एकदा काढला आहे: हीटगनने तापवून, पटाशी घालून, सबंध दुपार खर्चून, शेवटी तळहाताएवढा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) त्याच्याबरोबर आला. जुन्या बोटीवर प्रत्येक फिटिंग पुन्हा एकदा उचलावे लागते, म्हणून जे सुटत नाही ते मी लावत नाही.

सुकाणू:
पट्टी नव्हती, हे खरे आहे. ती मी नंतर बसवली. तरीही ५२०० सोडणार नाही, मग आपण त्याला हट्ट म्हणा.

मालवणचा पाहुणा:
आमच्या आजोबांच्या होडीला फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ आणि उंडीचे तेल लावत असत, आणि पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगून सांधे आपोआप मिटत. फायबर फुगत नाही, त्यामुळे ती विद्या इथे लागू नाही, हे मलाही ठाऊक आहे. मात्र कोणीच न बोललेली एक गोष्ट सांगतो. बाल्सा समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने लवकर कुजतो, आणि कोकणात त्याची काय कमतरता! तेव्हा पाणी भोकात उतरले तरी लाकडापर्यंत पोहोचू नये, अशी सोय करावी. ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा पकडून भोकाच्या भोवतीचा बोटभर बाल्सा कोरून काढावा, खालून साधी चिकटपट्टी लावून त्यात सिलिका घातलेले घट्ट इपॉक्सी भरावे, आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच नवे भोक पाडावे. त्यानंतर वर काय लावायचे यावर खुशाल भांडा.

उद्यमनगरी:
हे मात्र कामाचे बोलणे झाले. त्यात माझी एक भर: नव्या भोकाच्या वरच्या तोंडाला काउंटरसिंकने (तोंड पसरट करणाऱ्या ड्रिलने) थोडी चाल, म्हणजे उतार द्यावा, म्हणजे सीलंट तिथे साचून बोल्टभोवती ओ-रिंगसारखे बसते. चाल नसेल तर आवळताना सगळे पिळून बाहेर जाते, मग ते सिलिकोन असो वा कोणाची लाडकी टेप.

रंकाळाकाठ:
काउंटरसिंकचा मुद्दा मान्य; टेपेलाही त्याची गरज असतेच. वाचून एवढे येते. आणि टेप उन्हात मऊ होऊन बाहेर येत राहते, त्यामुळे पुढचे काही दिवस नट थोडा थोडा आवळत जावा लागतो, हेही कबूल करतो. म्हणजे दुसऱ्यांदा आवळणे माझ्याही नशिबी आहेच.

उद्यमनगरी:
म्हणजे ३० वर्षांत प्रथमच एका पुस्तकी माणसाने अर्धा फेरा मान्य केला. सिलिकोनचा तो थर राहतो, हे मलाही एका रंगाऱ्याने ऐकवले होते. तेव्हा मी त्यालाच झापले होते. तुमच्या डेकवर मी सिलिकोन लावणार नाही, माझ्या पंपावर तुम्ही टेप लावू नका. पुढच्या रविवारी रत्नागिरीला येतो, आठ मिमीचे दोन पाने घेऊन. केबिनमध्ये वाकून नट मी फिरवीन. वर बोल्टचे डोके तुम्ही धरा, आणि ते जराही हलवू नका.