सासूबाई पिशवीच्या तोंडाची तपासणी नको म्हणतात, कसं समजावू?

बार्शीची_सून
माझ्या सासूबाई ५४ वर्षांच्या, पाळी केव्हाच गेलेली. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून गेल्या, उपकेंद्रात गर्भपिशवीच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे म्हणाल्या. आईंनी समोर 'येते' म्हटलं आणि त्या दिवशी सकाळीच शेतात निघून गेल्या. बीपी-शुगर न सांगता तपासून घेतात, हीच एक नको. 'मला काही होत नाही, उगाच कशाला उकरून काढायचं?' एवढंच बोलतात. माझी मावशी याच कॅन्सरने गेली, म्हणून जीव टांगणीला लागतो.

निवृत्त_सिस्टर
माझी नोकरी धाराशिव जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून झाली. समोर हो म्हणून शेतात जाणाऱ्या बायका भरपूर पाहिल्या. त्यांना अडाणी समजू नका. कारण पक्कं असतं, फक्त ते आशासमोर आणि सुनेसमोर बोलता येत नाही.

सगळ्यात मोठी भीती पिशवीची. पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढूनच परत आली, हे आपल्याकडे कितीतरी घरांत झालंय. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये पेपरात गाजलं, बायकांना ते आधीच ठाऊक होतं. मग तपासणी म्हटलं की डोळ्यांपुढे ऑपरेशन आणि बिल उभं राहतं. उपकेंद्रातल्या या तपासणीला व्हीआयए म्हणतात, पण तिच्यात करतात काय, ते कुणी धड सांगत नाही. मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं. कापाकापी नाही. चट्टा उठला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. बऱ्याचदा तेवढ्याच जागेवर उपचार होतो, पिशवी जागच्या जागी राहते.

मग लाज. एका उपकेंद्रात टेबल दाराकडे तोंड करून आणि दाराला नुसता पडदा, बाहेर ओट्यावर गावातले पुरुष बीपीसाठी बसलेले. कोण येईल? टेबल फिरवलं, दाराला आतून कडी बसवली, तशा बायका यायला लागल्या.

आणि हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू संबंधातून येतो, एवढंच अर्धवट कानावर गेलं की घरात संशय सुरू. तो नवऱ्याकडून वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, हेही त्याच दमात सांगायला हवं.

डॉक्टर_लातूरकर
सिस्टरांशी सहमत. एक भर घालते. पाळी गेल्यावर मुखाचा जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे ५४ व्या वर्षी व्हीआयएवर फार भिस्त ठेवता येत नाही. एचपीव्ही चाचणीबद्दल विचारा. तिचा मोठा अभ्यास तुमच्या शेजारीच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. शिवाय याचा स्वॅब बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. मात्र सगळीकडे सोय नाही.

बार्शीची_सून
काल भाकरी थापताना विषय काढला. समजावलं नाही, नुसतं 'कशाची भीती वाटते' विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, धाकट्या जावेला असंच तपासायला नेलं आणि तिशीतच पिशवी काढली, तेव्हापासून तिची कंबर धरली ती धरलीच. मला हे लग्नापासून कुणी बोललं नव्हतं. स्वॅबचं सांगितल्यावर 'माझं मी घ्यायचं असेल तर बघू' म्हणाल्या. अट एकच, मी आत यायचं नाही. कुठे विचारू?

निवृत्त_सिस्टर
अट अगदी रास्त आहे, पाळा. उपकेंद्राच्या सीएचओंना, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, फोन करा. तिथे सोय नसेल तर बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात चौकशी करा. जाण्याआधी सासूबाईंना एवढं सांगून ठेवा, की रिपोर्टमध्ये काही निघालं तरी त्याच दिवशी कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही करायची नाही, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं असेल, एखादा डाग जरी असला, तर स्वॅबची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. हे त्यांना आजच विचारा.