समुद्राने आबांची कवळी नेली, गाडीही जवळजवळ नेली. पुन्हा जाण्यापूर्वी सल्ला हवा आहे

औसेकर (औसा, जि. लातूर)

नमस्कार. मागच्या वर्षी भाऊबीज आटोपून त्याच रात्री नऊ वाजता आम्ही घरचे तेरा जण भाड्याच्या क्रूझरने गणपतीपुळ्याकडे निघालो होतो. आमच्यापैकी कोणीही तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. आम्ही पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि तोही शाळेच्या सहलीत. या वर्षी पुन्हा जाण्याचा बेत आहे, परंतु मागच्या वेळी जे घडले ते कशामुळे घडले हे कळल्याशिवाय घरातील बायका होकार देणार नाहीत, म्हणून सर्व हकिगत सविस्तर लिहीत आहे.

वाटेत मिरज आले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. 2016 साली लातूरला पाणी घेऊन येणारी रेल्वे याच गावाहून सुटत होती, हे आबांनी झोपलेल्या नातवंडांना हलवून उठवून सांगितले. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना आबांनी घागरींच्या रांगेत रात्री काढलेल्या आहेत. त्यामुळे आंबा घाट उतरून सकाळी समुद्र दिसला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर एवढेच म्हणाले, "आन् ह्यातलं एक घोटबी पिता येत न्हाई म्हणं."

साडेदहाच्या सुमारास आम्ही मुख्य गर्दीपासून दूर असलेल्या एका किनाऱ्यावर पोहोचलो. ओली वाळू आमच्या शेतातल्या रस्त्यापेक्षा घट्ट दिसत होती आणि पाणी चांगले दोनशे पावले लांब होते, म्हणून चालकाने गाडी थेट वाळूवर उतरवली. फोटोसाठी आबांना धोतर वर खोचून घोटाभर पाण्यात, समुद्राकडे पाठ करून उभे केले. परतणाऱ्या लाटेने त्यांच्या टाचांखालची वाळू ओढून नेली, तशी "पाणी मागं सरकायलंय का मीच पुढं चाललोय?" असे विचारून ते मोठ्याने हसले, आणि त्याच क्षणी मागून आलेली लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. आबा बसल्या जागी सापडले, धोतराचा एक सोगा काकूंच्या हाती राहिला, पण वरची कवळी गेली. पुढचा तासभर आम्ही सगळे वाकून वाळू चाळत होतो. माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याने तीन वेळा "आबांचा दात सापडला" म्हणून आरोळी दिली आणि तिन्ही वेळा तो शिंपला निघाला.

या शोधाच्या नादात गाडीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. एक वाजता धपाट्यांचा डबा काढायला गेलो तर मागची दोन्ही चाके पाण्यात होती. चालकाने जोर लावला तसतशी चाके आणखी खोल रुतत गेली. शेवटी तिथल्या मासेमाऱ्यांनी होडीचा दोर बांधला आणि पंधरा-वीस जणांनी ओढून गाडी बाहेर काढली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, मात्र जे बोलायचे ते भरपूर बोलून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धाकटा भाऊ ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन पाण्यात उतरला. तो आमच्या विहिरीत पट्टीचा पोहणारा आहे. पाणी अगदी शांत होते, तरीही ट्यूब काठाकडे न येता आत-आत जाऊ लागली. त्याने ती सोडून दिली आणि दम लागेपर्यंत हात मारून तो काठाला आला. ट्यूब अरबी समुद्रात गेली ती गेलीच.

मावशींनी समुद्राच्या पाण्यात साबण लावून धुतलेल्या दोन साड्या औशाला परत येईपर्यंत वाळल्या नाहीत, तीही तक्रार नोंदवून ठेवतो. यातील चूक नेमकी कोठे झाली, आणि पाणी केव्हा कुठवर येणार हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे?

माहेर रत्नागिरी, सासर परभणी

दादा, हकिगत वाचून हसू आवरले नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. लग्नानंतर परभणीच्या घरात सासूबाईंनी आडात घागर कशी सोडायची ते मला शिकवले, तेव्हा त्याही अशाच हसल्या होत्या, म्हणून फिटंफाट समजा.

तुमची चूक एकच झाली. धरणाचे पाणी जिथे आहे तिथेच राहते, त्या हिशेबाने तुम्ही समुद्राकडे पाहिलेत. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. ज्या घट्ट ओल्या वाळूवर तुम्ही गाडी उभी केलीत, ती काही तासांपूर्वी पाण्याखाली होती म्हणूनच ओली आणि घट्ट होती. किनाऱ्यावर कोरड्या पाल्यापाचोळ्याची, काटक्यांची आणि फेसाच्या डागांची एक रेघ दिसते, ती मागच्या भरतीची हद्द असते. त्या रेघेच्या खाली चपलासुद्धा ठेवायच्या नाहीत, मग गाडी तर दूरच. शिवाय अनेक किनाऱ्यांवर वाळूत वाहन उतरवायला मनाईच असते.

वेळ ओळखण्यासाठी आमच्याकडे जुना हिशेब आहे, आणि मोबाइल नसलेली आमची आजी तोच वापरत असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. उदाहरणार्थ अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असेच मोजायचे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे हा अंदाज समजावा आणि नक्की वेळ तिथल्या माणसाला विचारावी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा हा फरक सर्वांत कमी असतो. आबांनी त्या दिवशीची तिथी काढून हा हिशेब करून पाहावा, गाडीचे उत्तर त्यातच मिळेल.

आबांच्या टाचांखालची वाळू सरकली, तेव्हाच त्यांना बाहेर घ्यायला हवे होते. परतणाऱ्या पाण्याकडे पाहून भल्याभल्यांना गरगरते. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, हे आम्हाला अंगणवाडीच्या वयात शिकवतात. कवळी, चष्मा आणि मंगळसूत्र खोलीवर काढून ठेवावे. आमच्याकडची लाट घेतलेले सहसा परत देत नाही.

टायरवाला, नांदेड

गाडीपुरते सांगतो. वाळूत चाक फिरायला लागले की वेग वाढवायचा नाही, कारण चाक स्वतःच स्वतःचा खड्डा खणते. सगळ्यांना खाली उतरवावे, टायरमधील हवा पंधरा ते अठरा पौंडांपर्यंत उतरवावी म्हणजे टायर पसरून वाळूवर टेकतो, चाकापुढची वाळू हाताने काढून तिथे पायपुसणी, फळी किंवा माडाच्या झावळ्या घालाव्यात आणि पहिल्या गिअरमध्ये अलगद बाहेर यावे. डांबरी रस्त्यावर जाण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी. ज्या क्रूझरची मागची चाके समुद्रात भिजली, तिचा खालचा भाग त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतला होता का? धुतला नसेल तर मालकाला कळवा, कारण खारे पाणी ब्रेकला आणि चेसीला गंज चढवते. मालकाने तुम्हाला अजून फोन केला नसेल, तर तो भला माणूस आहे.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई

आपल्या बंधूंविषयी मला काळजीपूर्वक लिहावेसे वाटते, कारण बाकी सर्व प्रसंग हसण्यावारी नेता येतील, हा नेता येणार नाही.

मी तीस वर्षे भूगोल शिकवला. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, त्यामुळे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, हे उत्तर मी हजारो वह्यांमध्ये तपासले असेल. हिवाळ्याच्या सुरुवातीला हे मतलई वारे सकाळी ऊन तापेपर्यंत वाहत राहतात. काठावर लाट नव्हती आणि पाणी गुळगुळीत दिसत होते, याचे एक कारण हाच जमिनीकडून येणारा वारा होते. ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यावर हलकी आणि वाऱ्याला मोठी असते, म्हणजे ते शीडच झाले. त्यात वरील भगिनींचा हिशेब लावून पाहा. भाऊबीज द्वितीयेची, तिच्यानंतरच्या सकाळी आपण पोहोचलात, म्हणजे ट्यूबचा दिवस चतुर्थीचा. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे तीनला आणि ओहोटी नऊला. सकाळी सात वाजता वाराही आत ढकलत होता आणि पाणीही आत चालले होते.

विहिरीत पोहणाऱ्याला वाटते की चार हात मारले की कठडा येतो. समुद्रात काठाकडे येणाऱ्या लाटांचे पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट शोधते, आणि त्या वाटेत आत जाणारा जोरदार प्रवाह तयार होतो. दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा फुटत असताना मध्येच जो पट्टा शांत आणि गडद दिसतो, तोच बहुधा धोक्याचा असतो, आणि आपल्याकडचा माणूस नेमका तिथेच पोरांना घेऊन उतरतो. अशा ओढीत सापडल्यास थेट काठाकडे झगडू नये. तरंगत राहून दम राखावा आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडून मग काठाकडे यावे. बंधूंनी ट्यूब सोडायला नको होती. मात्र ट्यूब धरून ते आणखी आत गेले असते तर आपण काय केले असते, तेही ठरवून ठेवा. त्यांच्यामागे उडी मारायची नाही. दोर किंवा रिकामा मोठा कॅन फेकायचा, जीवरक्षकाला हाक मारायची आणि 112 ला फोन करायचा. पुढच्या वेळी ट्यूब औशाच्या विहिरीतच राहू द्यावी.

जालन्याची आत्या

मास्तरांनी घाबरवून सोडले, पण बरे केले. मी आपली साड्यांचे सांगते.

आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मावशींना माहीत असणारच. समुद्राचे पाणी त्याहून कितीतरी जड असते. एका लिटरमध्ये सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. वडीभर साबण घासला तरी पांढरा चिकट थर तेवढा बसतो. साडी वाळल्यासारखी दिसली तरी धाग्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ती पुन्हा सर्द होते. घरी आल्यावर दोनदा गोड्या पाण्यातून काढली की ठीक होते.

माझ्या स्वतःच्या फजितीबद्दल म्हणाल, तर मी हरिहरेश्वरला नऊवारी नेसून कमरेइतक्या पाण्यात गेले होते. लाट आली तेव्हा पदरात वारा आणि निऱ्यांत पाणी भरून माझा असा काही फुगा झाला की आमचे हे मला ओढण्याऐवजी आधी हसत बसले. लाट गेल्यावर तीच साडी मणभर जड झाली आणि निऱ्यांत निदान दीड किलो वाळू निघाली. तेव्हापासून पाण्यात जायचे तर पंजाबी ड्रेस, असा आमच्या घरी ठरावच झाला आहे. दुसरे असे की, धपाटे उघड्यावर काढू नयेत. आमच्या दशम्यांची चळत एका घारीने माझ्या जावेच्या हातातून उचलली, आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी ठेवून गेली.

औसेकर

सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे मी काल रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवली. क्रूझर धुतली नव्हती. सकाळीच मालकाला फोन केला आहे आणि संभाषण फारसे गोड झाले नाही.

पाऊणपटीचा हिशेब ऐकताच आबा उठले आणि देव्हाऱ्याखालून मागच्या वर्षीचे दाते पंचांग काढून बसले. पेरणीपासून सोयरिकीपर्यंत सगळे तिथी पाहून करणाऱ्या माणसाला हे आधी कोणी सांगितले नाही, याचा त्यांना फार राग आला. आम्ही किनाऱ्यावर होतो तो दिवस कार्तिक शुद्ध तृतीयेचा. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे आम्ही साडेदहाला गाडी उभी केली तेव्हा पाणी अर्ध्यावर चढत आलेले होते, आणि नुकतीच अमावस्या झालेली असल्याने उधाणही होते. "म्हंजी समुद्रानं वेळ पाळली, आपणच पाळली न्हाई," असे म्हणून त्यांनी चालकाला एका वर्षानंतर माफ केले.

पुढची सहल त्यांनी आता मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला ठरवली आहे. त्या दिवशी भांग असतो, आणि दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी काठाकडे चढत असते, तेही हळू, असा त्यांचा हिशेब आहे. मुलांच्या शाळेला तेव्हा सुट्टी नाही, यावर "शाळेला सांगा, समुद्राला सांगता येत न्हाई" असे उत्तर मिळाले. धाकट्या भावासाठी लाइफ जॅकेट घेतले असून तो ते घालायला तयार नाही, तो प्रश्न आम्ही घरातच सोडवू.

एकच शंका उरली आहे. नवी कवळी साडेआठ हजारांना पडल्यामुळे आबा ती डब्यात घालून औशालाच ठेवणार आहेत. मागच्या वेळी त्यांनी तीन दिवस मऊ भात आणि सोलकढीवर काढले. याव्यतिरिक्त तिकडे त्यांना खाता येईल असे काही मिळते का?

माहेर रत्नागिरी, सासर परभणी

उकडीचे मोदक मिळतील, घावणे मिळतील, आणि दोन्हींना कवळी लागत नाही. मोदकावर तूप मात्र आबांना मागून घ्यायला सांगा. मागितल्याशिवाय आमच्याकडे चमचाभरच वाढतात.