मदत हवी आहे: आईच्या सुजलेल्या हाताला स्लीव्ह कुठल्या मापाची घ्यायची?

द्राक्षबाग_सावळज
नमस्कार मंडळी. आईचा उजवा हात सुजलाय, गणपतीच्या आधीपासून आहे, आता जास्तच वाटतोय. ऑनलाइन कॉम्प्रेशन स्लीव्ह (हात आवळून धरणारी बाही) मागवली लार्ज, ती कोपरात रुततेय, दंडावरची कड गुंडाळली जातेय आणि ती घातल्यापासून पंजाच फुगलाय, अंगठी निघेना. आता एक्स्ट्रा लार्ज मागवू का दुसऱ्या कंपनीची बघू? गावातल्या डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्यात, त्यानं आईला रात्रभर उठायला लागतंय पण हात आहे तसाच. कुणी वापरली असेल तर लिंक टाका, लवकर सांगा, छाटणी तोंडावर आलीय आणि मला सारखं मिरजेला जायला जमत नाही.

कृष्णाकाठ
आधी ती अंगठी काढा. साबणाचं पाणी लावून निघाली नाही तर सोनाराकडं जाऊन कापून घ्या, आजच. बाकी तुम्ही निम्मीच माहिती दिलीय. एकच हात सुजलाय का दोन्ही? वय किती? शुगर आहे का? काही लागलेलं का?

द्राक्षबाग_सावळज
एकच, उजवा. वय ५६. शुगर नाही, लागलेलं पण नाही. स्लीव्हचं माप तेवढं सांगा हो कुणीतरी.

वैनगंगा
दादा, हत्तीरोगाची तपासणी केली का? आमच्याकडं नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत खूप आहे, क्युलेक्स डासामुळं होतो. रक्त रात्रीच द्यावं लागतं, दहा ते दोनच्या दरम्यान, कारण ते जंतू रात्रीच रक्तात फिरतात, दिवसा रिपोर्ट निल येतो आणि माणूस निर्धास्त होतो. डीईसीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

शिराळकर
माझ्या वडिलांचे दोन्ही पाय घोट्यापाशी सुजायचे, किडनी झाली, हार्ट झालं, सगळ्या तपासण्या झाल्या, शेवटी निघालं काय तर बीपीची अॅम्लोडिपिनची गोळी. ती डॉक्टरांनी बदलली आणि पाय उतरले. बीपीची गोळी कुठली चालू आहे ते बघा.

माधुरी_मिरज
दादा, एकच हात आहे म्हणून विचारते. आईंचं त्या बाजूला छातीचं किंवा काखेतलं काही ऑपरेशन झालंय का?

द्राक्षबाग_सावळज
हो मग, त्याच्यामुळंच तर आलीय सूज. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर केमो, मग लाईट (रेडिएशन) पण घेतली. तेव्हाच सांगितलेलं की हात सुजू शकतो. स्लीव्ह म्हटलं की कळतंय की.

कृष्णाकाठ
हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं. किडनी, बीपी, डास असा सगळा तालुका फिरून आलो आपण.

माधुरी_मिरज
दादा, याला लिम्फेडीमा म्हणतात. माझं पण तेच ऑपरेशन झालंय, माझा डावा हात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाईत असलात तरी पूर्ण वाचा.

रक्तातून जे पाणी आणि प्रोटीन बाहेर झिरपतं त्यातलं बरंचसं लसिकेच्या (लिम्फच्या) नळ्यांमधून परत रक्तात जातं. हातातल्या बहुतेक नळ्या काखेतल्या लसिकेच्या गाठींकडं येतात. ऑपरेशनमध्ये गाठी निघाल्या, वरून लाईटमुळं तिथलं मांस कडक झालं, मग हातातल्या पाण्याला वाट अपुरी पडते. ही सूज ऑपरेशननंतर लगेच येईल असं नाही, महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पण येते. साचलेल्या पाण्यात प्रोटीन असतं, लघवीच्या गोळीनं नुसतं पाणी निघतं आणि प्रोटीन जागच्या जागी राहतं, म्हणून त्या गोळीचा या सुजेवर उपयोग नाही. पण ती गोळी बीपी किंवा हृदयासाठी दिली असेल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि स्लीव्हचं. सुजलेल्या हाताचं माप घेऊन स्लीव्ह घ्यायचीच नसते. आधी पट्ट्या बांधून हात उतरवायचा, माप एका जागी थांबलं की मग स्लीव्ह, ती उतरलेला हात तसाच राहावा म्हणून. तुम्ही पंजा उघडा ठेवून फक्त दंड आणि मनगट आवळलंत म्हणून पाणी पंजात उतरलं. वरची गुंडाळलेली कड तर दोरी बांधल्यासारखी काम करते. ती स्लीव्ह आत्ता काढून ठेवा.

एरंडोली_वैद्य_नातू
एरंडाची पानं तेल लावून तव्यावर गरम करायची आणि रात्री हाताला बांधायची. आमच्या आजोबांकडं लांबून लोक यायचे. जास्तच असेल तर जळवा लावून घ्या, मोकळं होतं लगेच.

फिजिओ_कराड
जळवा अजिबात नको, आणि गरम पण नको. लसिका अडलेल्या हातात जंतूंशी लढायची ताकद कमी असते, एक छोटी जखम पुरते. ऑपरेशननंतर बऱ्याच जणींच्या काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना कमी झालेली असते, चटका बसला तरी कळत नाही. आणि उष्णतेनं रक्त जास्त येतं म्हणजे सूज वाढायलाच मदत.

दादा, तीन गोष्टी सांगा. बोट दाबल्यावर खड्डा पडतो का? हात लाल किंवा गरम आहे का? ताप, थंडी?

एरंडोली_वैद्य_नातू
सगळंच आयुर्वेद वाईट असं नका ठरवू. केरळात कासारगोडला संस्था आहे, तिथं हत्तीरोगाच्या पेशंटना आयुर्वेद, योग आणि कॉम्प्रेशन पट्ट्या असं एकत्र करून उपचार करतात. डॉक्टरच करतात.

फिजिओ_कराड
ते काम चांगलंच आहे, पण तिथं त्वचा धुणं, कोरडी ठेवणं आणि रोजच्या पट्ट्या हे सगळं शिस्तीत होतं. ते घरी जळवा लावण्यासारखं नाही.

द्राक्षबाग_सावळज
खड्डा पडतो, हळूहळू भरतो. हात गरम लागतोय जरा. परवा बागेत काडीचा ओरखडा उठलेला मनगटापाशी, तिथून वर लालसर झालंय. काल रात्री थंडी वाजली आईला, मी पॅरासिटामॉल दिली, सकाळी बरी होती. म्हणजे पट्ट्या मिरजेतच मिळतील का तासगावात मेडिकलला पण असतात? क्रेप बँडेज आहे घरात.

फिजिओ_कराड
थांबा. पट्टी, स्लीव्ह, मालिश, सगळं बाजूला ठेवा. लाली, गरमपणा आणि थंडी म्हणजे सेल्युलायटिस असण्याची दाट शक्यता, कातडीच्या खालचं इन्फेक्शन. लिम्फेडीमाच्या हातात ते काही तासांत चढतं. अँटिबायोटिक लागणार, आजच, संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. पेनानं लालीच्या कडेनं रेघ मारून ठेवा म्हणजे पुढं सरकतेय का ते डॉक्टरांना कळेल. खूप ताप, उलट्या, बडबड किंवा चक्कर असं काही झालं तर ॲडमिटच करावं लागेल. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती.

माधुरी_मिरज
दादा, खरंच निघा. मला एकदा असंच झालेलं, दुपारी लाल ठिपका होता आणि रात्री दंडापर्यंत आलं.

कृष्णाकाठ
गाडी नसेल तर सांगा, मी तासगावातच आहे. मेसेज केलाय.

पलूस_पाटील
आमच्या साडूंनी हवेचं मशीन घेतलंय, पायात घालायचं, ते आळीपाळीनं दाबतं. जुनं विकायचं आहे, पाहिजे असेल तर व्यनि (खाजगी मेसेज) करा.

फिजिओ_कराड
पाटील, इन्फेक्शनमध्ये मशीन लावायचं नसतं. एरवी पण ते पट्ट्यांच्या जोडीला, तपासणी करून घेतल्यावर. आणि पायाचं मशीन हाताला कसं चालेल.

वाईची_सुमनकाकू
मी मुलीला हेच सांगत असते, त्या हातानं कळशी सुद्धा उचलायची नाही, आयुष्यभर नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. हात गळ्यात बांधून ठेवला तरी चालेल पण उचलायचं नाही.

फिजिओ_कराड
काकू, पूर्वी असंच सांगायचे, तुमच्या डॉक्टरांचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १४१ बायकांचा अभ्यास आला, सगळ्यांना असाच हाताचा लिम्फेडीमा होता. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत व्यायाम करायला लावला, स्लीव्ह घालून, देखरेखीखाली. त्यांची सूज वाढली नाहीच, उलट सूज अचानक उसळण्याचे प्रकार त्यांच्यात कमी झाले आणि हाताला ताकद आली. लसिकेला हृदयासारखा वेगळा पंप नाही, नळ्या स्वतः आकुंचन पावतात आणि स्नायू हलले की त्यांना जोर मिळतो. हात गळ्यात बांधला की खांदा आखडतो आणि सूज पण वाढते. एकदम पंधरा लिटरची घागर नको, पण अर्धा किलोपासून सुरुवात करायला काय हरकत आहे.

वाईची_सुमनकाकू
अभ्यास परदेशातला. आमच्या मुली विहिरीवरनं पाणी आणतात, उसात भांगलतात, जिममध्ये नाही जात.

माधुरी_मिरज
काकूंचं पण बरोबर आहे आणि फिजिओंचं पण. काम बंद करायचं नाही, पण उसाच्या पानानं हात चिरतो ना, त्याची काळजी पाहिजे. मी शेतात लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि हातमोजे घालते. ओरखडा उठला की लगेच साबणानं धुवून मलम. नखाजवळची कातडी काढत नाही. रात्री खोबरेल किंवा साधं क्रीम, कारण कोरडी कातडी तडकते. इंजेक्शन आणि बीपी दुसऱ्या हातावर सांगते. अलीकडं म्हणतात की बीपीच्या पट्ट्यानं सूज येते याला फार पुरावा नाही, पण दुसरा हात मोकळा आहे तर तो देते.

वैनगंगा
हे धुण्याचं आमच्याकडं हत्तीपायाच्या पेशंटना पण हेच शिकवतात. साबण, साधं पाणी, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या. इन्फेक्शन त्यानंच कमी होतात. माझा आग्रह रात्रीच्या रक्ताचा होता, तो या केसमध्ये मागे घेतो.

विट्याचा_अमर
अवांतर: सावळज भागात पाऊस थांबला का? छाटणी घेऊ का थांबू? मागच्या वर्षी लवकर घेतली आणि डाऊनी रोगानं घड गेले.

कृष्णाकाठ
अमर, वेगळा धागा काढा की.

द्राक्षबाग_सावळज
मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला. त्याच दिवशी आईला मिरजेला नेलं, ॲडमिट करून घेतलं, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं. लाली रेघेच्या आत आलीय, ताप नाही. आता घरी सोडलंय, गोळ्या चालू आहेत. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करायला लावली, शिरेत रक्ताची गाठ नाही म्हणाले. कॅन्सरच्या डॉक्टरांनी काख, छाती, मान तपासली, परत काही आलंय का बघायला एक स्कॅन सांगितला, तो पण चांगला आला. अंगठी सोनारानं कापली. माधुरीताई, फिजिओ, कृष्णाकाठ दादा, तुमचे आभार मानायला शब्द नाहीत. आता पट्ट्या कशा सुरू करू? यूट्यूबवर बघून क्रेप बांधलं तर चालेल का?

फिजिओ_कराड
बरं वाटलं वाचून. गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका, हात बरा दिसला तरी.

क्रेप नको. ते खूप ताणलं जातं, बसल्या बसल्या पण आवळत राहतं आणि हात हलवला की सैल पडतं. इथं शॉर्ट स्ट्रेच पट्टी लागते, ती कमी ताणते, आरामात असताना दाब कमी आणि स्नायू हलले की दाब जास्त, तोच दाब पाणी वर ढकलतो. आत सुती नळी, मग कापूस किंवा फोमचा थर, बोटांना वेगळी बारीक पट्टी, मग शॉर्ट स्ट्रेचचे थर, पंज्याकडं दाब जास्त आणि खांद्याकडं कमी. रोज सोडून त्वचा धुऊन परत बांधायची. साधारण दोन ते चार आठवडे. सोबत मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज, म्हणजे अगदी हलक्या हातानं कातडी सरकवायची, आधी मान आणि चांगल्या बाजूची काख मोकळी करून. तेल चोळून रगडतात तसं नाही. पहिल्यांदा शिकलेल्या माणसाकडूनच बांधून घ्या, चुकीची पट्टी बोटं निळी करते. मिरजेत कॅन्सरच्या दवाखान्यात किंवा कराडला कृष्णा विद्यापीठाच्या फिजिओथेरपी कॉलेजात विचारा, लिम्फेडीमाचं ट्रेनिंग घेतलेलं कोण आहे असं स्पष्ट विचारा.

पलूस_पाटील
पुण्यामुंबईला ऑपरेशन करतात म्हणे, नळी शिरेला जोडतात. एकदाच खर्च आणि विषय संपला.

फिजिओ_कराड
होतं ते ऑपरेशन, लसिकेची बारीक नळी सूक्ष्मदर्शकाखाली शिरेला जोडतात, लवकरच्या टप्प्यात काही जणींना चांगला फायदा होतो. पण विषय संपत नाही, बऱ्याच जणींना नंतरही स्लीव्ह लागते. या आईंचा खड्डा अजून पडतोय, म्हणजे आत कडक झालेलं नाही, पट्ट्यांनी छान उतरेल. आजार मुळापासून जात नाही हे मात्र आधीच सांगून ठेवते.

द्राक्षबाग_सावळज
मिरजेत एक ताई मिळाल्या ट्रेनिंग घेतलेल्या. कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर माप घेतलं, उजवा ३३, डावा २८. पहिल्या आठवड्यात उजवा ३१ वर आलाय. मला पण बांधायला शिकवतायत. आईचं एकच टुमणं आहे, पेस्टिंगला बागेत येते म्हणून. दर वर्षी छाटणीनंतर ती आणि मावशीच काडीला डोळे फुटायच्या औषधाची पेस्ट लावतात. पट्टीवर प्लास्टिकचा हातमोजा घालून येऊ दे का?

माधुरी_मिरज
पेस्टिंगला नको दादा. ते औषध कातडीला चांगलं नाही, पट्टीत शिरलं तर दिवसभर तिथंच राहणार. भाकरी, निवडणं, पट्टी घालून हात वरखाली करणं हे सगळं करू द्या, पट्टी असताना हात हलणं चांगलंच. ओली झाली तर लगेच बदला.

द्राक्षबाग_सावळज
ठीक. यंदा पेस्टिंगला दोन मजूर जास्त लावतो.

फिजिओ_कराड
माप आठ दिवस एकाच ठिकाणी थांबलं की स्लीव्हचं माप द्या, पंज्याच्या ग्लोव्हसकट, त्या ताईंकडूनच. दोन घ्या, एक धुवायला. साधारण सहा महिन्यांनी ताण जातो, मग नवीन. आणि लाली दिसली तर परत तेच, पट्टी सोडायची आणि त्याच दिवशी दवाखाना.

वाईची_सुमनकाकू
त्या मिरजेच्या ताईंचा पत्ता मला व्यनि कराल का? मुलीला दाखवते.

द्राक्षबाग_सावळज
करतो काकू, आत्ताच.